प्रलयकथांची साक्ष

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत असत. काळी आणि पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर सुपा हे गाव होते आणि तालुक्याचे ठाणेही तेथेच होते. पुढे गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ते १९८७ साली पुरे झाले आणि सुपा पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्यास आले, विस्थापितांपैकी कित्येक कुटुंबे रामनगरला जाऊन वसली, आणि गावाचे नाव धरणाला तेवढे चिकटून राहिले.

श्रोतेहो, आता क्षणभर अशी कल्पना करा की, पाच हजार वर्षे उलटली आहेत. सरकारी दप्तरे नष्ट झाली, धरणाची भिंत ढासळून गाळात मिसळली, लिपी बदलली, भाषा बदलली. उरली ती फक्त एक कथा : दोन नद्यांच्या संगमावर एक नगर होते, ते एका काळात जलमय झाले, आणि तेथील लोक डोंगर ओलांडून दुसरीकडे गेले. कथा सांगणारा तिच्यात एखादा उन्मत्त राजा घालील, एखाद्या ऋषीचा शाप घालील, एखादी रुष्ट झालेली नदी घालील. त्या काळच्या एखाद्या पंडिताच्या हाती ही कथा लागली आणि त्याने ती द्वारकेच्या बुडण्याशी, मनूच्या जलप्रलयाशी व बाबिलोनच्या पुराशी जोडून एकाच वेळी सारी पृथ्वी हादरविणाऱ्या एखाद्या धूमकेतूचा सिद्धान्त मांडला, तर त्याला काय म्हणावे? कथा खोटी नाही. गाव खरोखरच बुडाले होते. चुकले ते एवढेच की, कारण आणि काळ ह्या दोन गोष्टी कथेत नव्हत्या, त्या पंडिताने पदरच्या घातल्या.

हा दृष्टान्त निव्वळ विनोदाचा नाही. १९५० साली अमेरिकेत इम्यान्युएल वेलिकोव्स्की ह्या मनोविश्लेषकाचा ‘वर्ल्ड्स इन कोलिजन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विद्वानांत मोठी खडाजंगी माजली. ग्रंथकर्त्याचे म्हणणे असे की, शुक्र हा आरंभी ग्रह नव्हताच. तो गुरूच्या पोटातून धूमकेतूच्या रूपाने बाहेर पडला, ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकाच्या सुमारास पृथ्वीच्या जवळून गेला, आणि इजिप्तमधून यहुदी लोक बाहेर पडले त्या वेळचे सारे उत्पात त्यामुळेच घडले. पुढे ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकांत मंगळाने तसाच गोंधळ घातला. ह्याला पुरावा कोणता? तर जगातील सर्व राष्ट्रांच्या पुराणकथा. जेथे आकाशातून अग्नी पडल्याची, दिवस लांबल्याची किंवा समुद्र दुभंगल्याची कथा, तेथे त्याला आपला धूमकेतू दिसू लागला.

खगोलशास्त्रज्ञांनी ह्या ग्रंथाची जी संभावना केली तीही शोभण्यासारखी नव्हती. ग्रंथ नीट न वाचताच त्याचा धिक्कार झाला. विद्यापीठांना पाठ्यपुस्तके पुरविणाऱ्या प्रकाशकावर एवढे दडपण आले की, खप उत्तम असूनही त्याला थोड्याच आठवड्यांत तो ग्रंथ दुसऱ्या प्रकाशकाच्या स्वाधीन करावा लागला. ग्रंथ ज्याने स्वीकारला त्या संपादकाची नोकरी गेली. चुकीच्या मताचे खंडन करावयाचे सोडून त्याचा गळा दाबला की त्या मताला हौतात्म्याचे तेज चढते, आणि वेलिकोव्स्कीच्या बाबतीत नेमके तसेच झाले. चोवीस वर्षांनी, १९७४ साली, शास्त्रज्ञांनी त्याला समोर बसवून जाहीर चर्चा केली. ती आधीच व्हावयास हवी होती.

आपल्याकडच्या वाचकांना ह्या ग्रंथातील एक मुद्दा विशेष रंजक वाटेल. इसवी सनापूर्वी ३१०२ ह्या वर्षाशी जोडलेल्या एका हिंदू ग्रहकोष्टकात शुक्राचे नाव नाही, तेव्हा त्या काळी शुक्र आकाशात नव्हता, असे वेलिकोव्स्की सुचवितो. ३१०२ हा आपल्या कलियुगाचा आरंभ. परंतु तो आरंभ कोणी डोळ्यांनी पाहून टिपून ठेवलेला नाही. आर्यभटाने स्वतःच्या वयाच्या तेविसाव्या वर्षी कलियुगाची ३६०० वर्षे संपल्याचे सांगितले आहे, म्हणजे तो इसवी सन ४९९ मध्ये बसून मागे हिशेब करीत होता. ग्रहांच्या मध्यम गती धरून मागे जात जात सारे ग्रह एका ठिकाणी येतात असा क्षण त्या परंपरेने गणिताने काढला. गणिताने काढलेल्या आरंभबिंदूला प्रत्यक्ष पाहिलेल्या आकाशाची नोंद समजणे म्हणजे पंचांगातील पुढच्या वर्षाचे ग्रहण आपण आजच पाहिले असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय बाबिलोनच्या अम्मिसदुक राजाच्या कारकीर्दीतील शुक्राच्या उदयास्तांच्या एकवीस वर्षांच्या नोंदी मातीच्या विटांवर उपलब्ध आहेत, आणि तो राजा वेलिकोव्स्कीच्या धूमकेतूपूर्वी होऊन गेलेला आहे.

ह्याच्या उलट शंकर बाळकृष्ण दीक्षितांची रीत पाहा. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाइतका शांत डोक्याचा ग्रंथ मराठीत क्वचितच सापडेल. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे एक वाक्य आहे. दीक्षितांनी एवढाच प्रश्न विचारला : कृत्तिका नेमक्या पूर्वेस कधी उगवत होत्या? अयनचलनाचे गणित करून त्यांनी इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा काळ काढला. ग्रंथाची भाषा त्याहून बरीच अलीकडची आहे, तेव्हा निरीक्षण जुने व ग्रंथ नवा असे असू शकेल, किंवा ते वाक्य एवढ्या काटेकोरपणे घेऊ नये असेही म्हणता येईल; तो वाद अजून चालू आहे. परंतु वाद चालू राहू शकतो ह्याचे कारणच हे की, त्या वाक्यात तपासून पाहता येईल असे काही आहे.

आणि गंमत अशी की, मनूच्या जलप्रलयाची सर्वांत जुनी कथा आहे तीही ह्याच शतपथ ब्राह्मणात. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक मासा येतो, तो पुढे पुराची सूचना देतो, मनू नौका त्याच्या शिंगाला बांधतो आणि उत्तरेकडच्या पर्वताला लागतो. ह्या कथेत विष्णू नाही. महाभारतात तोच मासा आपण ब्रह्मदेव असल्याचे सांगतो, आणि पुराणांत तो विष्णूचा अवतार होतो. एकाच ग्रंथाच्या एका वाक्याला काळ आहे, दुसऱ्या कथेला नाही. १८७२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने बाबिलोनी विटांवरील पुराची कथा वाचून दाखविल्यापासून ह्या दोन पुरांचे नाते काय, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांना पुराची कथा सुचण्यासाठी एकमेकांकडे जावेच लागते असे मला तरी वाटत नाही.

ह्या सर्व प्रकरणात लोकमान्य टिळकांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १८९३ मध्ये ‘ओरायन’ आणि १९०३ मध्ये ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे त्यांचे दोन ग्रंथ निघाले. दुसऱ्या ग्रंथाचा विषय एका अर्थी जगबुडीचाच आहे. मात्र तेथे पाण्याच्या जागी बर्फ आहे. वेदांतील दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र, आणि अवेस्तातील यिमाला आलेली भयंकर हिवाळ्याची पूर्वसूचना ह्यांची संगती लावून, आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते व हिमयुगाने ते उद्ध्वस्त केले, असे त्यांनी प्रतिपादन केले. आज हे मत भाषाशास्त्रज्ञांना वा पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. ज्या काळी टिळक तेथे सुखाची वस्ती कल्पितात त्या काळी तो प्रदेश राहण्याजोगा नव्हता. तरीही टिळक आणि वेलिकोव्स्की ह्यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. टिळकांनी भूगर्भशास्त्रज्ञांकडून हिमयुगाच्या अखेरीचा काळ मागून घेतला, आणि तो काळ शास्त्राने अमान्य केला तर आपला सिद्धान्तही कोसळेल अशा रीतीने तो मांडला. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले असे आज मानतात. टिळकांनी घेतलेला आकडा ह्यापासून फार दूर नव्हता. दुसऱ्याला पाडता येईल असा सिद्धान्त मांडण्याला धैर्य लागते.

कोणी म्हणेल, मग आकाशातून संकटे येतच नाहीत काय? येतात. आणि ह्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही आपले पूर्वग्रह सोडावे लागले. एकोणिसाव्या शतकात लायेलच्या अनुयायांनी असे ठरवून टाकले होते की, पृथ्वीवर जे काही घडले ते आज दिसते त्याच संथ गतीने घडले. पाऊस, वारा, नदी आणि अमाप काळ एवढ्यांवर सारे भागते. अरिष्टांचे नाव काढणाऱ्याकडे बायबलचा प्रचारक म्हणून पाहिले जाई. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनी चिखलाच्या एका पातळ थरात इरिडियम ह्या पृथ्वीवर दुर्मिळ असलेल्या धातूचे अनपेक्षित प्रमाण दाखविले आणि सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला, असे अनुमान काढले. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याचे विवरही सापडले. त्याच सुमारास आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्हाच्या रूपाने ओतला जात होता, तेव्हा प्राणिसृष्टीच्या त्या संहाराला अशनी कारण की दख्खनचा लाव्हा, हा वाद अजूनही रंगतो. पण त्या वेळी कथा सांगायला मनुष्यप्राणी नव्हता.

कथा आणि आकाशातला आघात ह्या दोहोंची गाठ जेथे खरोखर पडते असे ठिकाण महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. सुमारे १८३० मीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटर खोल असे हे वर्तुळाकार विवर. त्याच्या तळाशी खारट सरोवर, काठावर गोड्या पाण्याची अखंड धार आणि गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर. कथा अशी की, लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहत होता. विष्णू सुंदर तरुणाच्या रूपाने अवतरला, दैत्याच्या बहिणींकडून त्याने बिळाची जागा जाणून घेतली, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडविले आणि दैत्याला मारले. सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि त्यातील खार म्हणजे त्याचे मांस. उडविलेले झाकण म्हणजे नैर्ऋत्येकडे काही कोसांवर असलेली एक टेकडी.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या विवराची दखल घेतली, आणि तेव्हापासून ते कशाने झाले ह्याची चर्चा सुरू झाली. सभोवार ज्वालामुखीचा खडक असल्यामुळे हेही ज्वालामुखीचेच तोंड असावे, किंवा खालच्या वायूंच्या स्फोटाने जमीन उडाली असावी, असे बहुतेकांना वाटे. १८९६ मध्ये गिल्बर्ट ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातील विवराशी त्याची तुलना केली, पण त्या काळी त्याने अॅरिझोनाचे विवरदेखील वाफेच्या स्फोटाचे ठरविले होते! निकाल लागला तो १९७३ साली. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात मास्केलिनाइट नावाची काच सापडली. स्फटिकाला वितळण्याची सवड न देता प्रचंड दाबाच्या धक्क्याने त्याची काच होते, आणि असा धक्का कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. अशनीच्या आघातानेच लोणार झाले हे ठरले.

हे ठरताच विष्णूच्या अवतरण्याची कथा म्हणजे अशनिपाताची आठवण, असे म्हणण्याचा मोह अनेकांना पडला. देव वरून आला, झाकण उडाले, दैत्य मेला. आणखी काय हवे? परंतु कथा पुन्हा एकदा सावकाश ऐका. तिच्यात उत्पाताचे मूळ खाली आहे. दैत्य बिळात राहतो, झाकण वर उडते. म्हणजे पुराणिकाने जे अनुमान काढले तेच एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी काढले. दोघेही त्याच काठावर उभे राहून तेच खळगे पाहत होते, आणि खळगे पाहून कोणालाही वाटते की, येथून काहीतरी बाहेर पडले आहे. खारट पाणी, उडालेली जमीन, दूरची एकाकी टेकडी, ह्या सर्व गोष्टी कथेत आहेत आणि त्या सर्व डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. जे दिसत नाही, म्हणजे तो प्रकाश, तो कानठळ्या बसविणारा आवाज, धुळीने झालेला अंधार, होरपळलेले रान, त्यातले काहीच कथेत नाही.

काळाचा हिशेबही कथेच्या विरुद्ध जातो. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले होते. नंतर आर्गॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. दहापटीचा हा फरक लहान नाही. पण दुसरा आकडा खरा असेल तर आपल्यासारखी माणसे तेव्हा पृथ्वीवर नव्हती, आणि पहिला खरा धरला तरी पन्नास हजार वर्षे टिकलेली आठवण जगात कोठेही सिद्ध झालेली नाही. लवणासुराच्या कथेची योग्यता ह्याने कमी होत नाही. कोणत्याही उपकरणावाचून, केवळ पाहून, ही जमीन आपोआप अशी झालेली नाही, येथे काही भयंकर घडले आहे, एवढे ज्यांनी ओळखले ते कथाकार अडाणी नव्हते. मात्र ते साक्षीदारही नव्हते.

खरी साक्ष कशी असते ते पाहावयाचे तर अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतातील क्रेटर लेक पाहावे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तेथील मझामा हा उंच पर्वत उद्रेकानंतर आपल्याच पोटात कोसळला, आणि त्या खळग्यात पुढे पाणी साठले. तेथील क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा व आकाशाचा असे दोन स्वामी लढतात, आणि अखेर पर्वत पाताळाच्या स्वामीसह खचतो. आज तेथे पर्वत नाही, तळे आहे. तरी कथेला पर्वत ठाऊक आहे. आणि माणसे तेव्हा तेथे होती ह्याला पुरावाही आहे : शंभरएक किलोमीटरांवरच्या एका गुहेत १९३८ साली त्या उद्रेकाच्या राखेच्या थराखाली झुडपाच्या सालीची विणलेली पायताणे सापडली. कथेला जमिनीवर न दिसणारे काही ठाऊक असावे, आणि कथेबाहेरून तिला काळ मिळावा, ह्या दोन गोष्टी तेथे जुळल्या. लोणारला दोन्ही जुळत नाहीत.

आपल्या किनाऱ्याची परशुरामकथा ह्याच मापाने मोजली तर काय दिसते? काळी नदी सदाशिवगडाजवळ जेथे समुद्राला मिळते तो सारा पट्टा परशुरामाने समुद्र हटवून मिळविलेला, असे सह्याद्रिखंडाची परंपरा सांगते. हिमयुगाच्या भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेस पुष्कळ दूर होता. बर्फ वितळू लागल्यावर हजारो वर्षे समुद्र आत येत राहिला. कथेत मात्र तो मागे हटतो. पुढील काळात कोठे कोठे पाणी थोडेफार ओसरले असेल, खाड्या गाळाने भरल्या असतील. परंतु ती कथा मुख्यतः कोणी, कोणाच्या आज्ञेने येथे वस्ती केली हे सांगण्यासाठी रचलेली आहे. तिचा विषय समुद्र नसून जमिनीचा हक्क आहे.

किनारा सोडून काळीच्या काठाने पुन्हा घाटावर आले की जोयडा तालुक्यातच उळवी हे क्षेत्र लागते. बाराव्या शतकात, ११६७ च्या सुमारास, कल्याण नगरीत बिज्जळ राजाचा वध झाला, शरणांवर संकट कोसळले, आणि बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा अनुयायांसह ह्या दाट अरण्यात आले. त्यांची समाधी येथेच आहे. आसपासच्या गुहांत शरण राहिल्याचे सांगतात. त्या परिसरात अकळगवी नावाची चुनखडीची गुहा आहे. छतातून पाणी थेंबथेंब गळते, प्रत्येक थेंब चुन्याचा सूक्ष्म अंश मागे ठेवतो, आणि दरवर्षी एक थर चढतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ह्या गुहेतील चुन्याच्या अशाच एका निक्षेपाचे थर मोजले आणि त्यातील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून ३३१ वर्षांच्या पावसाचा चढउतार वाचला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला.

प्रलय म्हणावा असे त्यात काही नाही. काही वर्षे पाऊस उदंड, काही वर्षे ओढ. कुणब्याच्या भातशेतीला मारणारी किंवा तारणारी एवढीच उलथापालथ. पण प्रत्येक थराला वर्ष आहे. शरण येथे आले ते ह्या थरांच्याही पूर्वी पाचशे वर्षे. त्यांच्या येण्याबद्दल ह्या दगडाला काही ठाऊक नाही. ते वचनांतून, शिलालेखांतून आणि दरवर्षी जत्रेला लोटणाऱ्या यात्रेकरूंच्या तोंडूनच समजून घ्यावे लागते. अधिक जुना एखादा निक्षेप त्या गुहांत सापडला, तर ११६७ च्या पुढच्या वर्षांत ह्या अरण्यात पाऊस कसा झाला, कल्याणहून थकून आलेल्या त्या माणसांना येथे पहिले पावसाळे कसे गेले, तेही कदाचित वाचता येईल.